ज्याचं त्याचं पान

भिलाईच्या प्लांटमध्ये केवलराम कापगते डिझेल इंजिन चालवायचा. स्टेशनावरच्या गाड्यांचं नव्हे, प्लांटच्या कुंपणाआत जे रूळ पसरलेत त्यांवरचं. कोळशाचे डबे कोक ओव्हनच्या भट्ट्यांना पोचवायचे, फर्नेसमधून निघालेलं पातळ लोखंड लेडल नावाच्या मोठ्या भांड्यांतून पोलादाच्या शॉपकडे, म्हणजे विभागाकडे, न्यायचं, रिकामे लेडल परत आणायचे, हे त्याचं काम. बाकीची माणसं सकाळी आपापल्या शॉपमध्ये शिरायची आणि आठ तासांनी तिथूनच घरी जायची. कोक ओव्हनवाल्याला रूळ घडवणारी रेल मिल ठाऊक नसे आणि रेल मिलवाल्याला कोक ओव्हन. केवलराम मात्र रोज सगळ्यांच्या दारावरून जायचा. सिग्नल मिळेपर्यंत इंजिन उभं राहिलं की तो खाली उतरायचा आणि समोर जो असेल त्याला विचारायचा, "हे तुमी काय करून राहिले?"

कोणी सांगायचं, कोणी हुसकून लावायचं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

भंडाऱ्यातल्या साकोलीकडच्या एका कोहळी शेतकरी घरातला हा मुलगा. शाळा आठवीला सुटली. एकसष्ट साली मोठा भाऊ दयाराम भिलाईला आला, त्याच्या मागोमाग हाही आला. आधी खलाशी, मग सांधेवाला, मग इंजिन ड्रायव्हर असा चढत गेला. सेक्टर ६ मध्ये दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हा गावाहून बायकोला, कलावतीला, घेऊन आला.

कलावती सातवी शिकलेली होती आणि वाचायला काही मिळालं नाही तर तिला चैन पडत नसे. किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद आधी वाचून व्हायचा, मगच फेकला जायचा. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दोघं अंगणात बसली होती. प्लांटच्या बाजूचं आभाळ एकदम तांबडं झालं आणि हळूहळू विझलं.

"बारा वर्षं झाली, मी हे पाहून राहिली," कलावती म्हणाली. "पोरगं विचारते तं सांगते, प्लांट हाय. पण प्लांट म्हंजे काय, ते मले कोणी सांगितलंच नाई."

"मळी ओतली आत्ता. लोखंडाचा मळ," केवलराम म्हणाला.

"लोखंडाले मळ असते?"

"असते ना. भात शिजते तवा वर पेज येते का नाई? तशी ती वर येते. काढून फेकतात."

"आन खाली राह्यते ते लोखंड? ते कुठं जाते?"

त्या संध्याकाळी तिचे प्रश्न संपेनात, आणि केवलरामच्या लक्षात आलं की आपण जे रोज पाहतो ते धड सांगता येत नाही. मध्येच इंग्रजी शब्द येतात, मध्येच दुवा तुटतो. दुसऱ्या दिवशी त्यानं मुलाच्या, अरुणकुमारच्या, दप्तरातली एक कोरी वही घेतली आणि कोळसा डब्यातून उतरतो तिथून लिहायला लागला. लिहून झालेली पानं कलावती वाचायची आणि जिथं समजलं नाही तिथं पेन्सिलीनं फुली मारायची. पहिल्या वहीत इतक्या फुल्या पडल्या की केवलरामनं ती वही पुन्हा पहिल्यापासून लिहिली. असं तीन वर्षं चाललं. अकरा वह्या भरल्या. शेवटच्या वहीत दोनच फुल्या होत्या, त्यातली एक शुद्धलेखनाची.

"आता हे छापा," कलावती म्हणाली.

त्यानं वह्या नागपूरच्या एका प्रकाशकाला पाठवल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं, विषय तांत्रिक आहे, वाचक मिळणार नाही. मग पुण्याच्या एकाला पाठवल्या. तिथून वर्षभरानं वह्या परत आल्या आणि सोबत दोन ओळी, की मजकुरात कष्ट दिसतात परंतु भाषा शुद्ध नाही, 'करून राहिला', 'जाऊन राहिला' अशी वाक्यं फार आहेत. केवलरामनं ती चिठ्ठी कलावतीला वाचून दाखवली.

"मग त्यायच्याकडे लोक कसे करतात?" तिनं खरंच कुतूहलानं विचारलं.

पुस्तक आपणच छापायचं असं ठरलं. नोकरीतल्या माणसाला परवानगी लागते म्हणून त्यानं रीतसर अर्ज केला. आठ महिन्यांनी कागद आला: नकाशे आणि उत्पादनाचे आकडे नसतील तर हरकत नाही. आकडे त्याच्या पुस्तकात नव्हतेच. पुस्तकाचं नाव त्यानं 'मेनगेटच्या आत' असं ठेवलं.

दुर्ग स्टेशनाजवळ एक हिंदी छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं असलं काम तिथं चालायचं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा बाबुलाल पन्नाशीचा होता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं पहिलं पान समोर धरलं, दोन ओळी जुळवल्या आणि थांबला.

"ये कौन-सा अक्षर है?"

"ळ."

"हमारे खाने में नहीं है." बाबुलालनं लाकडी खण दाखवले. खरंच नव्हता. हिंदीला तो लागतोच कशाला? "ल लगा देते हैं. कौन देखेगा?"

केवलराम तिथंच स्टुलावर बसला आणि मनातल्या मनात आपलं पुस्तक ळशिवाय वाचू लागला. वेळचं वेल झालं. बाळाचं बाल झालं. आणि जिथं माणसं रात्रपाळीला जातात तिथं ती रात्रपालीला जाऊ लागली. भिंतीवरच्या पाली त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. "नाही भाऊ," तो म्हणाला, "ळ मैं लाता हूँ."

घरी हे सांगितलं तेव्हा कलावतीला हसू आलं. "तुमची माय जलमभर डोळ्याले डोरा म्हणत आली. आपल्या गावात ळ म्हणते कोण? आन तुमी त्याच्यासाठी नागपूरले चालले."

"बोलाले चालते," केवलराम म्हणाला. "छापाले नाई चालत."

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला तो पॅसेंजरनं नागपूरला गेला. टाइप ओतणाऱ्या कारखान्यात माणूस म्हणाला, "नुसते ळ? बाकीची अक्षरं?"

"बाकीची आमच्याकडे आहेत."

त्या माणसानं त्याच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि शिशाचे ळ तराजूत टाकले. अक्षरं वजनावर मिळतात हे केवलरामला तोवर माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत तो सव्वा किलो ळ मांडीवर घेऊन बसला. गोंदियापर्यंत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, पिशवीत काय आहे. त्यानं पुडी उघडून दाखवली. तिनं एक खिळा उचलून उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला.

बाबुलालला मराठी येत नव्हतं. पण अक्षर अन् अक्षर हातातून जाताना मजकूर त्याच्या डोक्यात उतरत होता. तिसऱ्या आठवड्यात केवलराम पुढची वही न घेता गेला तेव्हा बाबुलाल वैतागला. "वो लाल रेल मशीन से निकली, फिर? ठंडी हुई कि नहीं?" केवलरामनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपलं लिहिलेलं पुढं काय होतं असं कोणी परक्यानं विचारायची ही पहिलीच वेळ होती. सायकलवरून सेक्टर ६ ला परत येताना तो एका वळणावर चुकला.

ऐंशी सालच्या पावसाळ्यात पाचशे प्रती सायकलरिक्षातून क्वार्टरवर आल्या. निम्म्या खाटेखाली गेल्या, उरलेल्या तांदळाच्या कोठीवर.

खरी गंमत इथून सुरू झाली, आणि ती गंमत आहे हे केवलरामला बरेच दिवस कळलं नाही.

त्याचा हिशेब सरळ होता. पुस्तक प्लांटवर आहे, तेव्हा प्लांटमधली माणसं घेतील. तो पिशवीत दहा प्रती घेऊन कँटीनला जायचा. माणसं हातात घ्यायची, पहिलं पान उघडायची, "छान केलं बा," म्हणायची आणि पुस्तक परत द्यायची. कोक ओव्हनचा आनंदराव तेवढा खरं बोलला. "केवलरामभाऊ, आठ घंटे त्याच धुरात राह्यतो. घरी जाऊन बी तेच वाचू का?"

गणपतीत मराठी मंडळानं प्रकाशन समारंभ केला. एका साहेबांनी अर्धा तास भाषण केलं. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, पण श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर ते चांगलं बोलले. चिवडा संपला, लोक पांगले, चार प्रती गेल्या. त्यातली एक साहेबांना भेट. नागपूरच्या वर्तमानपत्रांना त्यानं अभिप्रायासाठी पुस्तकं पाठवली होती. एकात 'साभार पोच' या सदराखाली नाव आलं, तेही 'मेनगेटच्या आज' असं. बाजारातल्या पुस्तकवाल्यानं पाच प्रती ठेवून घेतल्या आणि हिंदी मासिकांच्या रांगेत उन्हात मांडल्या. दिवाळीनंतर केवलराम विचारायला गेला तेव्हा त्यांची निळी मुखपृष्ठं पांढुरकी झाली होती आणि प्रती पाचच्या पाच होत्या.

त्याला वाईट वाटलं, पण वाईटापेक्षा नवल जास्त वाटलं. माणसं वाचत नाहीत म्हणावं तर वर्तमानपत्रं संपतात. पुस्तक वाईट म्हणावं तर कोणी वाचलंच नाही. मग अडलं कुठं? सिग्नलला उभा असताना तो याचाच विचार करायचा.

उत्तर त्याला सापडलं नाही. ते कलावतीला सापडलं, तेही न शोधता.

जानेवारीत सिंधुताईंकडे हळदीकुंकू होतं. सिंधुताई म्हणजे रेल मिलमधल्या एका इंजिनिअरच्या पत्नी, मूळच्या अमरावतीच्या. मंडळाच्या बायकांना त्या दरवर्षी बोलवायच्या. जाताना कलावतीनं त्यांना द्यायला म्हणून एक पुस्तक पिशवीत टाकलं. सिंधुताईंनी ते घेतलं, "अगं बाई, तुमच्या मिस्टरांचं का, वा," म्हणाल्या आणि तिळगुळाच्या डब्याशेजारी ठेवलं.

पुस्तक तिथंच राहणार हे कलावतीला दिसलं. तिनं सहज विचारलं, "ताई, तुमचे साहेब रेल मिलमध्ये ना? मग पान त्रेपन्न पाहा."

"त्रेपन्नवर काय आहे?"

कलावतीनं पुस्तक उघडलं आणि स्वतःच वाचायला लागली. लाल रूळ कसा सळसळत येतो, करवत त्याच्यावर पडते तेव्हा ठिणग्यांचं झाड कसं फुलतं, ते तिनं वाचलं. मग पुढची ओळ आली. "ह्या आवाजात आठ तास राहिलेला माणूस घरी जाऊन मोठ्यानं बोलते. बायकोले वाटते, रागावला. तो रागावला नसते. त्याले त्याचाच आवाज ऐकू येत नसते."

सिंधुताई हातात अत्तरदाणी घेऊन तशाच उभ्या होत्या.

"अठरा वर्षं मी त्यांना म्हणते आहे, ओरडू नका," त्या म्हणाल्या. मग अत्तरदाणी खाली ठेवून म्हणाल्या, "पुन्हा वाचा बरं ते."

कलावतीनं पुन्हा वाचलं. मागं बसलेली एक जण म्हणाली, "आमचे कोक ओव्हनले हायत." ती आनंदरावची बायको होती. कलावती म्हणाली, "अठरा." दुसरी म्हणाली, "फर्नेस?" कलावती म्हणाली, "सव्वीस ते चौतीस." फुल्या मारून मारून तिला पानं पाठ झाली होती. पुस्तक हातोहात फिरायला लागलं. कोणाचं पान निघालं की ती वाचायची आणि मधेच थांबायची. "पुढचं पुस्तकात हाय," असं म्हणून हसायची.

त्या दिवशी पुस्तकं घ्यायला बायका कलावतीच्या मागोमाग क्वार्टरपर्यंत आल्या. केवलराम दुपारची पाळी संपवून आला तेव्हा खाटेखालचा एक गठ्ठा रिकामा झाला होता आणि कलावती कात्रीनं कागदाच्या पट्ट्या कापत बसली होती.

"तुमी सगळ्यायले पह्यलं पान दाखवत होते," ती म्हणाली. "पह्यल्या पानावर कोळशाचे डबे हायत. कोणाले काय त्याचं? ज्याले त्याले त्याचं पान दाखवा."

"आन ह्या पट्ट्या?"

"शॉपचं नाव, पान नंबर. लिहा. सगळ्या पुस्तकायले आतून चिकटवू."

तो खाली बसला आणि लिहायला लागला. आपण तीन वर्षं ज्या माणसासाठी लिहिलं ते माणूस घरात बसलं होतं, आणि विकायला मात्र आपण कँटीनला गेलो, हे त्याला तेव्हा उमगलं.

मग कँटीनमधली हवा बदलली. आनंदराव एक दिवस थाळी घेऊन समोर येऊन बसला. "काय लिहून ठेवलं बा तुमी? बाई विचारून राहिली, भट्ट्यायच्या माथ्यावर तापते म्हणून लाकडाच्या चपला घालता, हे मले कावून नाई सांगितलं."

"मग? काय म्हटलं?"

"काय म्हणतो? घरी नेऊन दाखवल्या जुन्या चपला." आनंदरावनं भात कालवला. "तिनं पुसून, तेल लावून ठेवल्या. पायात घालाच्या का पूजाच्या, काय समजलं नाई मले."

पुस्तक कुठं कुठं जातंय याचा माग ठेवायचा केवलरामला नाद लागला. प्रत घेणाऱ्याला तो विचारायचा, कोणासाठी? कोणी म्हणे सासूबाईंसाठी, त्या गावाहून येतात तेव्हा मुलगा काय करतो विचारतात. कोणी भंडाऱ्याला बहिणीला पाठवलं. एकानं चक्क होणाऱ्या सुनेला दिलं. आणि एक प्रत अहिवाऱ्याला गेली होती, आनंदरावच्या बायकोच्या ओळखीनं, हे केवलरामला कळलं ते पोस्टकार्डावरून.

अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं होतं. "पुस्तक वाचले. पान चारवर लिहिले, चुनखडीचे डबे येतात. डबे आपल्या पायाने येत नाहीत. भरावे लागतात. आमचे पान कोणते ते कळवावे. बेबीताई, मुक्काम अहिवारा."

केवलरामनं कार्ड वाचलं, पान चार काढून पाहिलं. 'चुनखडीचे डबे येतात.' एवढंच. चार शब्दही नाहीत. इतकी वर्षं तो ते डबे ओढत होता आणि ते कुठून येतात हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायला समोर माणूस नसायचा. पांढरे दगड असायचे. उत्तरादाखल कार्ड पाठवावं असं आधी वाटलं, पण काय लिहिणार? सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसनं तो अहिवाऱ्याला गेला.

बेबीताई चाळिशीची, गोंदियाकडची. नवरा वारला होता, आणि ती एका ठेकेदाराच्या खदानीत रेजा, म्हणजे मजूरबाई, म्हणून दगड फोडायची. केवलराम दारात उभा राहिला तेव्हा ती डोक्याला फडकं बांधत होती.

"पुस्तकवाले का तुमी? बसाले वेळ नाई मले. चाला, रस्त्यानं बोलू."

खदानीत अकरा बायका होत्या, बेबीताई सोडून बाकी सगळ्या छत्तीसगढी. मोठे दगड फोडायचे, निवडायचे, टोपल्यांनी उचलून ट्रकात टाकायचे. ट्रक ते डब्यांपर्यंत नेणार. केवलरामनं विचारलं, "निवडता म्हंजे काय?"

बेबीताईनं एका दगडावर हातोडी मारली. मग दुसऱ्यावर. "आयकलं?"

"दोनी सारखेच."

"हा चांगला. ह्याच्यात गारगोटी हाय, हा तुमच्या भट्टीले चालत नाई. मुकादम रंगावरून सांगते, तो चुकते. आमी आवाजावरून सांगतो." तिनं हातोडी त्याच्या हातात दिली. त्यानं दहा-बारा दगड वाजवून पाहिले. त्याला सगळे सारखेच ऐकू आले. बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. त्यातली चंपा नावाची एक म्हणाली, "एखर कान म इंजन भरे हे." याच्या कानात इंजिन भरलंय. सगळ्या हसल्या, केवलरामही हसला, आणि खिशातली वही काढून खाली दगडावर बसला.

तो चार वेळा गेला. पहिल्या खेपेचं लिहिलेलं कलावतीनं वाचलं आणि फुली मारली: दगड फोडतात तवा लेकरं कुठं असतात? म्हणून तो दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा हातोडीची मूठ कोणत्या लाकडाची ते विचारायचं राहिलं होतं. चौथ्यांदा त्यानं बेबीताईला विचारलं, "तुमचं नाव टाकू का पुस्तकात?"

"माझं एकटीचं कावून? आमी अकरा हावो. टाकाचं तं अकराचं टाका."

"ठेकेदार काही म्हणंल."

"त्याले मराठी येते का?" बेबीताई म्हणाली.

दुसरी आवृत्ती त्र्याऐंशी साली निघाली. पहिल्या आवृत्तीवर ज्यांनी काही विचारलं होतं, सुधारलं होतं, ते सगळं तिच्यात आलं. शॉपची यादी आता पट्टीवर नव्हती, पहिल्याच पानावर छापली होती. सुरुवात कोळशाच्या डब्यांऐवजी खदानीपासून होती. नाव काय करायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, कारण पहिलंच प्रकरण गेटच्या बाहेरचं. शेवटी 'मेनगेटच्या आत आणि बाहेर' ठरलं. बाबुलालनं अकरा नावं जाड टाइपात जुळवली. असं करा म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अकरा प्रती घेऊन केवलराम अहिवाऱ्याला गेला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. बायका झाडाखाली बसल्या होत्या. बेबीताईनं पान उघडून एकेकीला तिचं नाव दाखवलं. चंपानं आपल्या नावावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग बोट वरच्या ओळींकडे नेत म्हणाली, "अउ एखर ऊपर का लिखे हे? पढ़ के सुना."

बेबीताई एकेक वाक्य मराठीत वाचायची आणि छत्तीसगढीत सांगायची. भाकरी हातात तशीच राहिली. मधे एकदा जोरात वाद झाला. हातोडीचं वजन पुस्तकात दोन किलो लिहिलं होतं. चार जणी म्हणाल्या अडीच, बाकीच्या म्हणाल्या जिची तिची वेगळी. चंपानं आपली हातोडी आणून केवलरामच्या मांडीवर ठेवली. त्यानं वहीत लिहून घेतलं. पण पुस्तक तर छापून झालं होतं, म्हणून त्यानं अकराही प्रतींत पेननं दुरुस्ती केली.

ती आवृत्ती संपायला चार वर्षं लागली. कुठल्या मोठ्या वर्तमानपत्रात तिच्यावर लिहून आलं नाही. अरुणकुमार शाळेत हिंदीतून शिकला, त्यानं एकदा बापाला म्हटलं, "बाबा, मराठी में कितने लोग पढ़ेंगे?" केवलराम म्हणाला, "जितके वाचतात तितक्यायचं अजून समजून घेणं झालं नाई माह्यं." पुढं मुलानंच नोकरी लागल्यावर दोन वर्षं बसून त्याचं हिंदी केलं. तेही स्वखर्चानं छापलं, आणि ते मराठीपेक्षा वेगानं गेलं. त्याबद्दल केवलरामला आनंद झाला, थोडा हेवाही वाटला, आणि दोन्ही गोष्टी त्यानं कलावतीजवळ कबूल केल्या.

शहाण्णव साली तो निवृत्त झाला. क्वार्टर सोडताना सामान आवरलं तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या आवृत्तीची एकही प्रत घरात नाही. मागेल त्याला देत गेला होता. तिसरी काढायचं मनात होतं आणि समोर धरायला पुस्तक नाही. कोणीतरी सांगितलं, कुम्हारीला देवराव नावाचे एक निवृत्त फिटर राहतात, त्यांच्याकडे आहे.

देवरावांना त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. ते सत्तरीचे, ओसरीवर सायकलचं चाक उघडून बसले होते. केवलरामनं आपलं नाव सांगितलं आणि महिनाभरासाठी पुस्तक मागितलं.

"देणार नाई," देवराव म्हणाले. "लिहिलं तुमी, पण ही प्रत माझी हाय. वाचाचं तं इथं बसून वाचा." आणि आतून आणून दिली.

केवलरामनं उघडली. प्रत्येक पानाच्या चारी बाजूंना बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'बरोबर.' 'आमच्या वेळी असे नव्हते.' 'हे यंत्र बासष्टमध्ये बसले, मी होतो.' 'कापगत्यांनी इथे घाई केली.' काही ठिकाणी छोट्या आकृत्या होत्या. एका पानावर छापलेल्या मजकुरापेक्षा समासातला मजकूर जास्त होता, आणि तो आडवा फिरत फिरत तळाशी येऊन पुढच्या पानावर गेला होता.

केवलराम आपलं पुस्तक सोडून समास वाचू लागला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. बत्तिसाव्या पानावर तो थांबला. "हे इथं काय लिहिलं, देवरावभाऊ? अक्षर लागत नाई."

देवरावांनी हात पुसले आणि शेजारी येऊन बसले. ते सांगायला लागले, केवलराम लिहून घेऊ लागला. दुपारी घरातून जेवायला हाक आली, दोघं जेवून पुन्हा त्याच पानावर बसले. संध्याकाळी भिलाईची शेवटची बस फाट्यावर हॉर्न देऊन गेली. तोवर त्यांची एकेचाळीस पानं झाली होती.

"आता सकाळीच जा," देवराव म्हणाले आणि सुनेला एक खाट जास्तीची टाकायला सांगितली.